विम्याची यादी आणि धाराशिवचा रस्ता

१९ एप्रिल १९४८ रोजी ‘कर्मचारी राज्य विमा कायदा’ झाला, तेव्हा उस्मानाबाद जिल्हा भारतात नव्हता. तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तुळजापूरहून सोलापूर जेमतेम ४५ किलोमीटर, पण मध्ये राज्याची सीमा. सोलापुरात सूतगिरण्यांचे भोंगे वाजत होते. तुळजापूर, नळदुर्ग, परंडा या बाजूला शेती, वतने आणि रझाकारांची दहशत. पाच महिन्यांनी, १७ सप्टेंबरला, संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नावही धाराशिव झाले. सीमा पुसल्या गेल्या, असे आपण म्हणतो. पण आजारी माणसाला गाडीत घालून दवाखान्याकडे निघालेल्या कुटुंबाला विचारले, तर उत्तर वेगळे मिळते.

मालक आणि नोकर यांनी मिळून वर्गणी भरायची आणि आजारपणात ठरलेल्या यादीतला डॉक्टर किंवा रुग्णालय निवडायचे, ही आज पगारदार माणसाला नेहमीची वाटणारी व्यवस्था. तिचा इतिहास बहुतेक वेळा कानपूर, मुंबई, दिल्ली असा सांगितला जातो. धाराशिवमधून पाहिले की त्या इतिहासातली एक गोष्ट ठळक दिसते. यादी कोणती ना कोणती सीमा धरून आखली जाते आणि रुग्ण रस्ता धरून जातो. या दोहोंमधली फट गेल्या पाऊणशे वर्षांत अनेकदा सरकली, पण बुजली नाही.

तडवळ्याहून दिल्लीकडे

मुळात ही कल्पना युरोपातली. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८३ मध्ये, कामगारांसाठी आजारपणाचा सक्तीचा विमा आला. ब्रिटनमध्ये लॉइड जॉर्ज यांनी १९११ चा राष्ट्रीय विमा कायदा केला आणि त्यातून ‘पॅनल’ हा शब्द रूढ झाला. विम्याचे काम करायला तयार असलेल्या डॉक्टरांची यादी म्हणजे पॅनल. कामगाराने त्यातला एक निवडायचा, त्याच्याकडे नाव नोंदवायचे आणि डॉक्टरला नोंदलेल्या माणसांच्या संख्येवर वर्षाचे पैसे मिळायचे, मग माणूस वर्षात दहा वेळा येवो की एकदाही न येवो.

भारतात १९२३ मध्ये कामगार भरपाईचा कायदा झाला, १९२९ मध्ये मुंबई प्रांताने प्रसूती लाभाचा कायदा केला. आजारपणाच्या विम्याची चर्चा मात्र चर्चाच राहिली. ती पुढे सरकली दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, आणि त्या घडामोडींच्या मध्यभागी असलेल्या माणसाचा धाराशिवशी थेट संबंध आला होता.

फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला आले होते. परिषदेचा विषय वतन हा होता. वतनाची नोकरी ही विचित्र नोकरी. कामाचे तास ठरलेले नाहीत. दिवसा-रात्री केव्हाही बोलावणे येणार. एक माणूस नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. मोबदला म्हणजे इनामाचा तुकडा आणि गावकऱ्यांच्या मर्जीवरचे बलुते. आजारी पडले तर काय, हा प्रश्न या व्यवस्थेत विचारलाच जात नव्हता, कारण काम करणारा माणूस एकटा नव्हता; सगळे घरच कामाला बांधलेले होते. याच वतनांविरुद्ध आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते.

तडवळ्याच्या परिषदेनंतर वर्ष-दीड वर्षात, जुलै १९४२ मध्ये, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, मार्च १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम सोपवले गेले. आडारकरांचा अहवाल ऑगस्ट १९४४ मध्ये आला. त्यात तीन उद्योग धरले होते : कापड, अभियांत्रिकी आणि खनिजे-धातू. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या तज्ज्ञांनी तो तपासला, १९४६ मध्ये विधेयक आले आणि १९४८ मध्ये कायदा.

आडारकरांच्या योजनेतला कामगार स्पष्ट दिसतो. त्याला एक मालक आहे, एक हजेरीपट आहे, महिन्याचा पगार आहे. पगारातून वर्गणी कापता येते. तडवळ्याच्या मांडवात बसलेल्या माणसाकडे यातले काहीच नव्हते. त्याला गाव राबवत होते, पण गाव कोणाच्या हजेरीपटावर नसते.

वगळलेल्यांची यादी

१९४८ च्या कायद्यात व्याख्यांचे एक कलम आहे. कायदा सर्व कारखान्यांना लागू, फक्त ‘हंगामी’ कारखाने सोडून. हंगामी म्हणजे कोणते, तर कापसाचे जिनिंग, कापूस किंवा ताग दाबून गाठी बांधणे, भुईमुगाच्या शेंगा फोडणे, कॉफी, नीळ, लाख, रबर, चहा, आणि साखर. साखरेपुढे कंस करून ‘गुळासह’ असेही लिहिले आहे.

या ओळीतून कॉफी, रबर आणि चहा बाजूला काढा. जे उरते, ती मराठवाड्यातल्या उद्योगांची जवळजवळ पूर्ण नोंद आहे. जिनिंग-प्रेसिंग, तेलाच्या गिरण्यांसाठी शेंगा फोडणे, गुऱ्हाळ आणि साखर कारखाना. कायदा करणाऱ्यांनी धाराशिवला डोळ्यांसमोर ठेवून हे कलम लिहिले, असे कोणी म्हणणार नाही. वर्गणीचा एक काळ आणि लाभाचा एक काळ अशी सहा-सहा महिन्यांची घडी या योजनेत आहे. दसऱ्याला येऊन चैत्रात जाणारा कामगार तिच्यात बसवणे अवघड, हे कारण समजण्यासारखे आहे. पण परिणाम असा झाला की ज्या जिल्ह्यात शेतीबाहेरचे बहुतेक काम हंगामी, त्या जिल्ह्याचे बहुतेक काम विम्याच्या बाहेर गेले. पुढे ढोकीला तेरणा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. मराठवाड्यातल्या सहकारी साखर कारखानदारीतले ते मोठे नाव, नंतर अनेक वर्षे बंद पडलेले. चालू असताना तो भागाला रोजगार देत होता, पण साखरेचा कारखाना म्हणून कायद्याच्या भाषेत तो हंगामी.

त्याच्याही पलीकडे ऊसतोड करणारे. कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतून दरवर्षी नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाते. त्यांचा मालक कोण? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम उचल दिलेल्या वहीकडे. विम्यासाठी मालक लागतो, आणि इथे कामाला मालकच सापडत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, तेव्हा राज्याला हे पहिल्यांदा ठळकपणे दिसले. पोटात दुखतेय, पाळीचा त्रास आहे, खाडा केला तर पैसे कापले जातात, अशा बाईपुढे जो दवाखाना होता तो तिने कोणत्याही यादीतून निवडलेला नव्हता.

कायदा बदलत गेला. १९४८ मध्ये महिना ४०० रुपयांपर्यंत पगार असणारे त्यात येत, २०१७ पासून ही मर्यादा २१,००० आहे. जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी सव्वातीन टक्के आणि कामगाराची पाऊण टक्का झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या कायद्याची जागा नव्या तरतुदींनी घेतली. हंगामी कारखाना त्यातही वगळलेलाच आहे.

निवड कशाला म्हणायचे

योजना प्रत्यक्ष सुरू झाली २४ फेब्रुवारी १९५२ रोजी, कानपूर आणि दिल्लीत. तिथे योजनेचे स्वतःचे दवाखाने आणि पगारी डॉक्टर होते. १९५४ मध्ये ती मुंबईत आली तेव्हा मुंबईने ब्रिटनसारखी पॅनल पद्धत घेतली. गिरणगावात खासगी डॉक्टर भरपूर होते. त्यांना यादीवर घेतले, कामगाराने आपल्या चाळीजवळचा डॉक्टर निवडून कार्डावर नाव लावायचे. त्याच्या वर परळ, वरळी, मुलुंड अशी कामगार विम्याची रुग्णालये. लोकांच्या तोंडी ‘पॅनलचा डॉक्टर’ हा शब्द बसला. हा डॉक्टर रजेचे सर्टिफिकेट देणारा म्हणून ओळखला जाई, त्याच्या लाल-पिवळ्या मिक्श्चरची चेष्टाही होई. तरी लालबागच्या कामगाराला तो पटला नाही तर दुसऱ्याकडे नाव लावता येत होते, आणि तो दुसराही चालत जाण्याच्या अंतरावर असे.

पॅनल पद्धत ही निवडीची पद्धत आहे आणि निवडीला दाटी लागते. एका गल्लीत तीन डॉक्टर असतील तर निवडणे या शब्दाला अर्थ. सबंध तालुक्यात एक शल्यचिकित्सक असेल तर यादी छापून काय उपयोग? शिवाय कायदा एकदम सगळीकडे लागू होत नव्हता. ज्या भागासाठी अधिसूचना निघेल त्याच भागात तो चालू होई. सोलापुरात गिरणी कामगार होते म्हणून तिथे कामगार विम्याचे रुग्णालय उभे राहिले. तुळजापूरचा माणूस सोलापूरच्या गिरणीत हजेरीवर असला तर त्या रुग्णालयाचा हक्कदार. त्याचा गावाकडे राहिलेला भाऊ, आजार तोच असला तरी, त्याच इमारतीच्या दारात परका.

धाराशिवमध्ये खऱ्या अर्थाने ‘मालक’ म्हणावा असा एकच मोठा मालक होता आणि आहे, तो म्हणजे सरकार. जिल्हा परिषदेचे शिक्षक, महसूल, पोलीस, आरोग्य खाते. त्यांच्यासाठी राज्याचे १९६१ चे वैद्यकीय देखभालीचे नियम आहेत. हा विमा नव्हे, प्रतिपूर्ती. आधी स्वतःच्या खिशातून भरायचे, मग बिले, प्रमाणपत्रे लावून प्रस्ताव द्यायचा, जिल्हा शल्यचिकित्सकांकडून तो तपासून घ्यायचा आणि अनुदान येण्याची वाट पाहायची. खासगी रुग्णालयातल्या उपचारांसाठी २००५ च्या शासन निर्णयात २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजारांची यादी दिली आहे. म्हणजे इथेही यादी आहेच. शिक्षकाला ॲपेंडिक्सचे दुखणे उठले की आधी सोलापूरला जायचे की लातूरला हा प्रश्न, आणि मागोमाग, हे यादीत बसते का.

रस्ता ओळखणारी एक नोंदवही

सीमेने नव्हे तर रस्त्याने विचार करणारी एक यंत्रणा या भागात झाली, आणि तिची गोष्ट सांगण्यासारखी आहे. परंडा आणि भूम हे धाराशिव जिल्ह्यातले तालुके. पण तिथल्या माणसाचा बाजार, शाळा, दवाखाना बहुतेक वेळा बार्शी. बार्शी सोलापूर जिल्ह्यात. निजामाच्या काळात बार्शी इंग्रजी मुलखात होती आणि बार्शी लाइट रेल्वेने लातूरपर्यंतचा माल-माणूस ओढत होती. त्या बार्शीत कर्करोगाचे रुग्णालय झाले. आणि १९८७ मध्ये टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने तिथे कर्करोगाची ग्रामीण नोंदणी सुरू झाली. देशातली ही अशा प्रकारची पहिली ग्रामीण नोंदणी.

नोंदणीसाठी जो भाग निवडला तो बार्शी, परंडा आणि भूम हे तीन तालुके. एक एका जिल्ह्यातला, दोन दुसऱ्या जिल्ह्यातले; एक पुणे महसूल विभागातला, दोन औरंगाबाद विभागातले. कार्यकर्ते गावोगाव जात, लोकांशी बोलत, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लक्षणे सांगत आणि संशयित रुग्णाला बार्शीला आणत. नोंदवहीने जिल्ह्याची सीमा मोजली नाही, माणसे जिथे जातात तो रस्ता मोजला. याच वृत्तीचे दुसरे उदाहरण तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरचे. तिथल्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. माणसाने दवाखान्यापर्यंत जाण्याआधीची पहिली पायरी गावातच असावी, हा त्यामागचा विचार.

विम्याची यादी तयार करणाऱ्यांनी हा नकाशा कधी पाहिला असता तर पुढचा प्रसंग टळला असता.

सोळा महिने

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवरच्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे, मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाखांपर्यंतचे उपचार, ९७१ प्रकारचे, यादीतल्या रुग्णालयात विनामूल्य. हप्ता सरकारने भरायचा. सरकारी भाषेत या रुग्णालयांना ‘अंगीकृत’ म्हणतात. प्रत्येक ठिकाणी आरोग्यमित्र बसणार. मालक नसलेल्या माणसाच्या हातात रुग्णालयांची यादी आली. हजेरीपटाची जागा शिधापत्रिकेने घेतली, आणि हा बदल मोठा होता.

पण पहिल्या टप्प्यात आठच जिल्हे होते : गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई आणि मुंबई उपनगर. सोलापूर यादीत, उस्मानाबाद नाही. लाभार्थी त्या-त्या जिल्ह्यातल्या शिधापत्रिकेचे. म्हणजे सोलापूरच्या रुग्णालयात शेजारशेजारच्या खाटांवर अक्कलकोटचा आणि तुळजापूरचा असे दोन रुग्ण असतील, दोघेही केशरी कार्डवाले, दोघांच्याही हृदयाची झडप बदलायची, तर एकाची शस्त्रक्रिया योजनेतून आणि दुसऱ्याची जमीन गहाण ठेवून. १९४८ ची सीमा पुन्हा खाटांच्या मधून गेली. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी योजना सगळ्या राज्यात लागू झाली तेव्हा ती उठली. मधले सोळा-सतरा महिने ज्यांच्या वाट्याला आले, त्यांना ‘टप्प्याटप्प्याने’ या शब्दाचा अर्थ कळला.

पुढे शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या १४ जिल्ह्यांतल्या शुभ्र शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही योजनेत घेतले. उस्मानाबाद त्यात होता. कामगार म्हणून जे कधी मिळाले नाही, ते संकटात सापडलेला शेतकरी म्हणून मिळाले. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिले गेले, २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, आणि जुलै २०२३ च्या निर्णयाने सगळ्याच कुटुंबांना पाच लाखांपर्यंतचे छत्र देण्याचे ठरले. धाराशिवमध्ये २०२२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जिल्ह्याच्या ठिकाणी निवडण्याजोगे काही असावे, या दिशेने पडलेले हे पहिले मोठे पाऊल.

पिनकोडची नवी सीमा

दरम्यान नोकरीतून मिळणाऱ्या विम्याने कामगार विम्याचे घर सोडून दुसरे घर केले. १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ आणला. १९९९ च्या कायद्यानंतर खासगी कंपन्या आल्या. २००१ मध्ये टीपीए, म्हणजे दावे हाताळणाऱ्या मधल्या संस्था, नियमांत आल्या आणि ‘कॅशलेस’ हा शब्द घराघरात गेला. २०१० च्या जुलैमध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मुंबई, दिल्लीसारख्या शहरांत ठरावीक दर मान्य करणाऱ्या रुग्णालयांपुरतीच कॅशलेस सेवा ठेवली, तेव्हा मोठा गदारोळ झाला. यादीत नाव असणे ही रुग्णालय आणि विमा कंपनी यांच्यातली दरांची बोलणी असते, हे तेव्हा पगारदारांना कळले.

आज धाराशिवचे हजारो तरुण पुण्यात, हिंजवडी-चाकणला नोकरी करतात. कंपनीच्या समूह विम्यात आई-वडिलांची नावे घालतात, जादा हप्ता पगारातून जातो. नोकरी पुण्याची, रुग्ण वाशीचा किंवा लोहाऱ्याचा. यादी पिनकोडने उघडते. ४१३५०१ टाकल्यावर जे दिसते आणि पुण्याचा पिनकोड टाकल्यावर जे दिसते, त्यात जमीन-अस्मानाचे अंतर. विम्याच्या नियमात रुग्णालयाची व्याख्याही आहे. कायद्याखाली रुग्णालय म्हणून नोंदणी नसेल तर दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात निदान दहा खाटा हव्यात. कळंबच्या एखाद्या चांगल्या डॉक्टरांच्या सहा खाटांच्या दवाखान्यात वडिलांना वर्षानुवर्षे गुण येत असेल, पण अशी नोंदणी नसेल तर विम्याच्या लेखी ते रुग्णालयच नव्हे. १९४८ च्या कलमात गुऱ्हाळ जसे वगळले गेले, तसाच हा दवाखाना वगळला जातो. दोन्ही व्याख्यांच्या मागे कारण आहे, आणि दोन्हींची किंमत मोजणारा माणूस त्या व्याख्या लिहिताना हजर नव्हता.

२५ जानेवारी २०२४ पासून विमा कंपन्यांच्या परिषदेने ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ सुरू केले. यादीबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेस मागता येते. ठरवून दाखल व्हायचे तर ४८ तास आधी कळवायचे, तातडीने दाखल केले तर ४८ तासांच्या आत. पण रुग्णालयाने मान्य केले पाहिजे आणि कंपनीनेही.

म्हणून आई-वडिलांसाठी योजना निवडताना यादीत किती हजार रुग्णालये आहेत, या आकड्याला फार अर्थ नाही. गावातून रात्री दोन वाजता निघालेली गाडी कुठल्या दिशेला वळते, हे आधी ठरवावे. परंडा-भूमची बार्शीकडे, तुळजापूरची सोलापूरकडे, कळंबची लातूर किंवा बार्शीकडे, उमरग्याची लातूर, सोलापूर किंवा थेट कलबुर्गीकडे. त्या रस्त्यावरच्या गावांचे पिनकोड एकेक करून टाकावेत. हृदय, मेंदू, डायलिसिस, हाड, यांपैकी काय कुठे होते ते रुग्णालयाला फोन करून विचारावे, कारण यादीतले नाव आणि त्या नावाखाली चालू असलेला विभाग या दोन गोष्टी आहेत. आई-वडिलांच्या शिधापत्रिकेवर जनआरोग्य योजनेतून काय मिळते आणि त्या रस्त्यावरचे कोणते रुग्णालय अंगीकृत आहे, हेही सोबत पाहून ठेवावे. कंपनीचा विमा नोकरीबरोबर जातो, शिधापत्रिका राहते.

हे सगळे करूनही दोन नावे उरतील, फार तर तीन. गिरणगावातल्या कामगाराला १९५४ मध्ये याहून जास्त नावे होती, आणि ती चालत जाण्याच्या अंतरावर होती.